मारोती आबाजींचं पान

इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात आमच्या गावातल्या कोणाचं पान लिहावं, यावर आमचा वर्ग आठवडाभर भांडला, तुम्हाला सांगते. आमच्या गावचे म्हातारे शेतकरी मारोती आबाजी यांनी एकदा गावतलावातली तीच मासोळी वरठीच्या आणि तुमसरच्या अशा दोन व्यापाऱ्यांना एकाच दिवशी विकली होती. दोघंही जाळी घेऊन आले, तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, मारामारी झाली आणि पेपरात बातमी आली. गावातल्या दुसऱ्या कोणाचीच बातमी कधी आली नव्हती, म्हणून पोरं म्हणाली, "पान यांचंच!"

शेवटी कंटाळून सरांनी मला आणि सुषमाला आबाजींकडेच पाठवलं.

"नोका लिहू, बाई," आबाजी म्हणाले. "नातीले पाहाले पाहुणे येऊन राहिले. मोबाइलवर हेच दिसन त्याईले."

"मंग दुसरं सांगा न," सुषमा म्हणाली. "अजून काय केलं तुमी?"

आबाजी म्हणाले, "जलमभर धान पिकवला."

"त्याची बातमी आली होती का? बातमीशिवाय लिहिता येत नाही म्हणते सर," सुषमा म्हणाली.

"धान पिकवल्याची बातमी कोन छापते, माय?"

आम्ही शाळेत परतलो. सरांनी थकल्या आवाजात विचारलं, "मग लिहायचं की नाही?"

"नाही सर," सुषमा म्हणाली. "ते मासोळीचं पान होईन, आबाजीचं नाही."