चाळीस खाटांचं गणित

हॅलो?… हॅलो, कोण?… अगं ठमे, तू? या वेळेला? ऑफिसात नाहीस का?… जिन्यात? जिन्यात उभी राहून कशाला बोलतेस?

…हो, बंडू बरा आहे. तुझा बाप असला तरी माझा धाकटा भाऊ आहे तो, माझ्याकडे त्याला काय होतंय. जेवला आणि आडवा झाला. आतून घोरणं येतंय, ऐकू येतं का तुला?… तेच ते. लहानपणी भिंतीला पाय लावून झोपायचा आणि असाच घोरायचा. हार्ट अटॅक येऊन गेला, पण घोरणं जसंच्या तसं.

बोल तू. रडतेयस का?… मग नाक का ओढतेस?

…हळू सांग. आठशे पेशंट घ्यायचे ठरले होते, दोनशे झाले, आणि आता वरचे म्हणतायत पुरे… का?… मिळत नाहीत. बरं… आणि दुसऱ्या कंपनीची गोळी आधी बाजारात येईल. हं… आणि दोनशे पुरतात असं लिहून सही तू करायचीस, कारण त्यांच्याकडे संख्याशास्त्र शिकलेली तू. आजच… संध्याकाळच्या आत.

कसली गोळी गं?… हृदयाचे ठोके नीट ठेवायची.

…नाही, काही नाही. आहे मी, ऐकतेय. एक सांग, दोनशे हा आकडा आला कुठून?… म्हणजे हाताशी किती माणसं आहेत ते आधी मोजलं आणि मग त्यांच्यात बसेल असं गणित केलं. उलटं. हो ना?

…टाचणीचं? हो, सांगितलं होतं तुला, पण तेव्हा तू माझ्या मांडीवर झोपून गेलीस. आता जागी आहेस, तर ऐक. चौऱ्याहत्तर साल. मी नुकती नर्स झाले होते, हृदयरोग्यांच्या वॉर्डात. मोठ्या डॉक्टरांना एक पिवळी गोळी तपासून बघायची होती. ठोके सरळ करायची, तुमच्यासारखीच. टाचणी आकडेमोडीला यायची. किडकिडीत बाई, बोलणं टोचरं, म्हणून आम्ही मुली तिला टाचणी म्हणायचो. तोंडावर नाही गं… तोंडावर बाई म्हणायचो.

टाचणीने मोठ्या डॉक्टरांना विचारलं, या गोळीने लोक जास्त दगावत असतील, तर निदान केवढा फरक आपल्या नजरेतून सुटता कामा नये? ते म्हणाले, ते सोडा, माझ्याकडे चाळीस खाटा आहेत, चाळीस माणसांत केवढा फरक दिसेल ते सांगा. ती म्हणाली, फारच मोठा असेल तरच दिसेल. ते म्हणाले, मग तेवढाच लिहा… हो. अगदी तुझ्या साहेबांसारखंच. हसत हसत म्हणाले, चहाही मागवला तिच्यासाठी. मी दारात ट्रे घेऊन उभी होते.

…अगं ऐक ना, चाळणीचं बघ. मोठ्या भोकांच्या चाळणीने धान्य चाळलंस तर खडे पण खाली पडतात. चाळणीत काहीच उरत नाही. मग तू म्हणतेस, धान्य स्वच्छ आहे… बरोबर. तुमच्या भाषेत त्याला काय म्हणतात ते राहू दे, माझ्या भाषेत खडा चावून दात पडतो.

…गेले की. चाळीसांतल्या निम्म्यांना पिवळी गोळी होती, निम्म्यांना साधी, औषध नसलेली. पिवळीवर चौघं गेले, साधीवर दोघं. मोठे डॉक्टर म्हणाले, हा योगायोग. टाचणी म्हणाली, असेलही, पण चाळीसांत ते कळणारच नाही. तरी तिने सही केली. आणि पिवळी गोळी वॉर्डातल्या सगळ्यांना सुरू झाली.

आमच्याकडे रीत अशी, की माणूस गेला की त्याची गादी गॅलरीच्या कठड्यावर उन्हात टाकायची. एरवी एखादी असायची. त्या थंडीत कठड्यावर जागा राहिली नाही. आम्ही गाद्या घडी करून टाकायला लागलो, म्हणजे दोन मावतील. एकमेकींशी बोलायचो नाही त्याबद्दल. आणि भरती व्हायला आलेला एक म्हातारा वर बघून मला म्हणतो, सिस्टर, केवढी स्वच्छता ठेवता हो तुम्ही… हो, त्यालाही दिली. मीच दिली, पाण्याबरोबर.

…मग काय होणार? गोळी एक दिवस यायची बंद झाली. कुणी कारण सांगितलं नाही. मोठ्या डॉक्टरांचा निवृत्तीला मोठा सत्कार झाला, नव्वदीपर्यंत जगले. टाचणी नोकरी सोडून लहान मुलांना पाढे शिकवायला लागली. माझ्याकडे यायची कधीमधी. मी खिडकीचा पडदा आधीच ओढून ठेवायचे, कारण समोरच्या बाल्कनीत कुणी गाद्या वाळत घातल्या की तिचा चहा तसाच राहायचा. गेली ती. मी अजून आहे, पण गाद्या उन्हात घालत नाही.

…बरोबर आहे तुझं. आठशे घ्यायचे म्हणजे आणखी सहाशे जणांना त्यात ओढायचं. पण त्यांच्यावर कुणाची तरी नजर असेल ना? गोळी बाजारात गेल्यावर कोण बघणार? आमच्या वॉर्डात चाचणी संपल्यावर मोजत कोण होतं?

…तुमच्याकडे किती गेले आत्तापर्यंत?… एका बाजूला पाच, एका बाजूला दोन. आणि नवी गोळी कोणत्या बाजूला ते तुलाही माहीत नाही… योगायोग. असेलही.

मग आज चाचणी थांबवली, तर त्या दोनशे जणांचं पुढे काय?… सगळ्यांना नवी गोळी. जुनी घेणाऱ्यांनाही… उद्यापासून.

…हं. कळलं.

…हो, नावं येत नाहीत तुमच्याकडे, नुसते आकडे येतात. माहीत आहे मला.

…कसं माहीत म्हणजे? ठमे, तू जिन्यात आहेस ना? खाली बस. बस म्हणते ना.

बंडूच्या उशाशी एक डबी आहे. पांढरी. तिच्यावर त्याचं नाव नाही, आकडा आहे.

…ऐकतेयस ना?

…त्यानेच नाव दिलं. इथल्या दवाखान्यात त्याला विचारलं, चाचणीत येता का, तर कागदावर तुमच्या कंपनीचं नाव दिसलं आणि हुरळला. माझ्या मुलीचं काम आहे म्हणाला, आपण नाही जायचं तर कुणी? तुला सांगू नको म्हणून माझ्याकडून वचन घेतलं. तुझ्या कामात ढवळाढवळ नको म्हणे. मी आज ते मोडलं.

…नाही. आकडा सांगणार नाही मी.

…कारण आकडा कळला की तू त्याची बाजू शोधशील. पाचाची की दोनाची. दोनाची निघाली तर तुला हायसं वाटेल आणि तू सही करशील… करशील. मीही केली असती. म्हणून नाही सांगत. दोनशेतला कुठलाही आकडा तुझ्या बापाचा असू शकतो, एवढंच धरून वर जा.

…नोकरी जाईल तर जाईल. माझ्याकडे ये, खोली आहे.

…थांब. एक मिनिट, बोलू नकोस.

…नाही गं, काही नाही. घोरणं थांबलंय. कुशीवर वळला असेल.

…हाक मारली मी, आत्ताच. झोप गाढ आहे त्याची, लहानपणापासून.

बघून येते. तू फोन धरून बसू नकोस. वर जा, तुझी वाट बघत असतील ते… मी करते गं नंतर फोन. ठेवते.

बंडू? अरे बंडू