तीस दिवसांची मुदतवाढ

नाही व्यंकटराव, आता मी बनवत नाही — भोकरहून एवढ्या उन्हात आलात, पाणी प्या, पण मशीन मिळणार नाही. टेबलावरचा पसारा बघू नका, तो हात चालू राहावेत म्हणून. अर्धापूरला शेषेरावाच्या केळीत बघितलंत ना? वाटलंच. मातीत दोन सळया, माती कोरडी झाली की बोर्डाला कळतं, बोर्ड व्हॉल्व्ह उघडतो, ठिबक सुरू. ओल आली की बंद. एवढंच आहे ते. साठीत शिकलो. आयुष्यभर कचेरीत फाइली सरकवल्या, रिटायर झाल्यावर म्हटलं, निदान एक वस्तू अशी करावी जी सांगितल्याबरोबर काम करते. शेषेराव माझा शाळेपासूनचा दोस्त, पहिलं मशीन त्यालाच करून दिलं, फुकट — आणि त्यानंच माझा विश्वासघात केला. जाऊ द्या. नाही, सांगतोच, दुसऱ्याकडून ऐकाल तर त्यात माझीच चूक निघेल.

प्रोग्रॅममध्ये मी एक अट घातली होती. तीस दिवस झाले की मशीन आपोआप बंद. माझा चार आकडी कोड टाकला की पुढचे तीस दिवस चालू. असे काय बघता? कचेरीत हंगामी माणसांना आम्ही अशीच मुदतवाढ द्यायचो. कायमची मंजुरी दिली की माणूस पुन्हा टेबलाकडं फिरकत नाही — हे माझं नोकरीतलं निरीक्षण आहे, आणि ते कधी चुकलं नाही. शेषेरावाला अट सांगितली का? नाही. त्याला म्हटलं, सळयांवर क्षार चढतात, महिन्याला बघावं लागतं. चढतातही थोडे.

मग महिना भरला की फोन — मलप्पा, मशीन बंद पडलंय बघ, ये. मी नांदेडहून एसटीनं निघायचो, पिशवीत मीटर आणि सोल्डरिंगची कांडी. कांडीचा उपयोग शून्य, पण दुरुस्तीला जाणारा माणूस रिकाम्या हातानं बरा दिसत नाही. त्याच्या सुनेनं, शिल्पानं, भाकरी टाकलेल्या असायच्या. जेवण, पान, शाळेतल्या मास्तरांच्या नकला, मग मी बोर्डापुढं बसून, कपाळाला आठ्या घालून, चार आकडे टाकायचो. शेषेराव तिकडं व्हॉल्व्हपाशी. पाणी आलं की तिथूनच ओरडायचा, हात हाय बाबा तुझा! आमची ही गेल्यापासून ताटात दुसऱ्यानं भाकरी वाढायची ती महिन्यातून तेवढीच एकदा — ते असो. मुद्दा भाकरीचा नाही, विश्वासाचा आहे.

यंदा मार्चमध्ये महिना भरून दोन दिवस झाले तरी फोन नाही. ऊन तापलेलं, दोन दिवस पाणी नाही म्हणजे केळीची पानं वाकली असणार. मला राहवेना. न सांगता गेलो, बांधावरून आत शिरलो — तर चपला चिखलात. ठिबक चालू. प्रत्येक खोडाशी थेंब पडत होते. बोर्डाचा डबा उघडला, तर घड्याळाचा बटणाएवढा सेल गायब. तो नसला की लाइट गेल्याबरोबर मशीन तारीख विसरतं, आणि आपल्याकडं लाइट जायला निमित्त लागत नाही. म्हणजे मशीनच्या लेखी रोज पहिलाच दिवस, तीस भरणारच नाहीत. सेलच्या खाचेत धूळ होती, चांगली जुनी. मी ती बोटानं पुसतोय, तेवढ्यात खिशातला फोन वाजला. शेषेराव. "मलप्पा, मशीन बंद पडलंय. उद्या येऊन जातूस का? दोन दिस झाले, पानं वाकून राहिलीत."

माझ्या पायाखाली चिखल, व्यंकटराव. मी म्हटलं, बघतो.

परतताना मुनीबकडं गेलो — अर्धापूरच्या बसस्टँडजवळ त्याचं दुरुस्तीचं दुकान आहे. सेल त्यानंच काढला होता, तिसऱ्याच महिन्यात. शेषेराव स्वतः बोर्ड घेऊन आला होता आणि म्हणाला होता, मलप्पाला बोलू नको. दोन वर्षं झाली! दोन वर्षं मी येणार म्हटलं की हा व्हॉल्व्हची वायर सोडून ठेवायचा, मी कोड टाकला की जोडायचा, आणि ओरडायचा, हात हाय बाबा तुझा. मी अट घातली, हो, घातली — पण ती प्रोग्रॅममध्ये लिहिलेली होती, कुणीही वाचावी, मुनीबनं वाचलीच. त्यानं माझी कीव केली. जेवायला बोलवायचं तर सरळ बोलवावं की. मी गेलो असतो का? कामाशिवाय? तो वेगळा प्रश्न आहे.

तेव्हापासून गेलो नाही, फोन उचलत नाही. उचलून काय करू? खरंच बंद पडलं असलं तरी मला कसं कळणार?

काय? पिशवीत? त्यानं दिलंय? म्हणजे तुम्हाला मशीन नकोच होतं — बरं. आणा इकडं. हं, जळलंय खरं, वास येतोय अजून. वीज पडली म्हणाला? एप्रिलात? थांबा, चष्मा कुठाय — ही पिन बघा. मी बसवलेली पिन उलटी जातच नाही. बोर्ड असा जाळायचा तर वायर कापून लाल काळीला जोडावी लागते. ही बघा, कापलीय. आणि वर टेप, दातानं तोडलेला. मुनीब कात्रीनं कापतो. स्वतःच्या हातानं जाळलं यानं, मला बोलवायला — केळी अशी उन्हात टाकून. हसू नका, व्यंकटराव, हीसुद्धा फसवणूकच आहे.

किती दिवस झाले केळीला पाणी नाही?

चार?

नाही, त्याला निरोप काही नाही. बोर्ड राहू द्या इथं. निघा तुम्ही, आणि जाताना दार ओढून घ्या.