काठातला एक दोरा

शुक्रवार पेठेतल्या दवाखान्याच्या पायरीवर माझ्यापुढं दोघी बसल्या होत्या. एक मागावर लुगडी विणणारी रंभाबाई, दुसरी तिच्या गल्लीतली खातूनबी.

"रंभा, आत डाक्टरकडं गेलेल्या तुज्या सासऱ्याला झालंय तरी काय?"

"सासूबाई गेल्यापास्नं जेवान सुटलं, झोप सुटली. भिंतीकडं तोंड करून पडायचे. समदे म्हनले, म्हातारपन हाय."

"मग दुखणं हाय हे तुला कसं कळलं?"

"त्यांनी माज्या लुगड्याला बरं म्हनलं, तवा."

"त्यात कसलं दुखणं?"

"खातूनबी, अकरा वर्सं मी त्यांच्याम्होरं विणतीया. खोट काढल्याबिगर एक लुगडं मागावरनं उतरू दिलं न्हाय त्यांनी. त्या दिशी काठ तुटका दावला, तर म्हनले, बरं हाय की."

"या अल्ला!"

"तशीच हितं घेऊन आले. डाक्टर म्हनले, ह्ये म्हातारपन न्हवं, मनाचं दुखणं हाय, बरं हुतंय. झोपेचं औषध दिलं. एकटं ठेवू नका, हाताला काम द्या म्हनले. आता मागापाशी बसून सुताच्या कांड्या भरत्यात."

"दोन म्हैनं झालं हितं येतीस की. फरक हाय?"

"आज सकाळी काठावर बोट ठिवून वरडले, 'रंभे, डोळं कुटं हायती तुजं? उकल समदं!' वीतभर उकलायला लावलं."

"अगं, पर अकरा वर्सं विणणारीचा काठ चुकतोय कसा?"

"चुकतोय कशाला? रोज एक दोरा मुद्दाम चुकवते, मागनं मीच उकलते. आज त्यास्नी घावला!"