मशीन काढलंत तेव्हा

ताई : म्हणजे लोकांना प्रश्न कसे विचारायचे, याचासुद्धा कोर्स असतो? मग मी इतकी वर्षं वर्गात काय करतेय?

चिमी : तू उत्तर माहीत असलेलेच प्रश्न विचारतेस, ताई. आम्ही माहीत नसलेले विचारायचे. वस्तू वापरताना माणसाला नेमकं कुठे अडतं, ते शोधायला शिकतोय. पहिल्या आठवड्यात तर विचारायचंही नव्हतं. कोर्सच्या बाईंनी तिकिटाच्या मशीनपाशी उभं केलं. लोक गोंधळतात ते नुसतं बघायचं, मदत करायची नाही. जीव कासावीस झाला माझा.

ताई : होणारच. नाक खुपसल्याशिवाय तुला चैन कुठे पडतं?

चिमी : आता खरं काम मिळालंय. कानाची मशीनं बनवणारी एक कंपनी आहे. लोक मशीन घेतात आणि वापरतच नाहीत. का, ते आम्ही शोधायचं.

ताई : त्यासाठी लांब कशाला जायचं? आपले बाबा आहेत की. परवा मागून आलेली सायकल त्यांना ऐकू आली नाही. कोपर खरचटण्यावर निभावलं. मशीन कुठे? टेबलावर. मी घसा फोडून सांगते रोज. या कानाने ऐकून त्या कानाने सोडून द्यायलाही आधी ऐकू यावं लागतं गं.

चिमी : तू विचारलंस का कधी त्यांना, का ते?

ताई : विचारायचंय काय त्यात? हट्टीपणा आहे, दुसरं काय.

चिमी : मलाही तसंच सगळं माहीत होतं. एक निवृत्त घड्याळजी आहेत, त्यांना मी विचारलं, मशीनची बटणं फार बारीक वाटतात का? ते हो म्हणाले. मी खूश. बाई म्हणाल्या, अगं, जन्मभर घड्याळं उघडली त्यांनी, त्यांना बारीक बटणांचं काय? उत्तर तूच तोंडात घातलंस. मग मी परत गेले. मशीन शेवटचं काढलंत तेव्हा काय चाललं होतं, एवढंच विचारलं आणि गप्प बसले. तेव्हा ते म्हणाले, मशीनमधून बायकोचा आवाज तिचा वाटत नाही.

ताई : अगं बाई.

चिमी : कुणालाच सुचलं नव्हतं हे.

ताई : मग बाबांचंही तसंच असेल. आपले आवाज त्यांना परके वाटत असतील.

चिमी : घड्याळजींचं कारण घड्याळजींचं. बाबांचं आपल्याला काय माहीत?

ताई : मग घे त्यांची मुलाखत.

चिमी : घरच्या माणसांची मुलाखत प्रकल्पात चालत नाही.

ताई : प्रकल्प राहू दे. मला कळायला हवंय. चल.

(दोघी बाहेरच्या खोलीत जाऊन सोफ्यापाशी उभ्या राहतात. बाबा टेबलावरचं मशीन उचलून कानात घालतात.)

ताई : बाबा, मशीन टोचतं ना हो कानाला?

बाबा : हो, टोचतं.

चिमी : घातलंस उत्तर तोंडात. बाबा, काल मशीन काढलंत तेव्हा काय चाललं होतं?

बाबा : काल? काही नाही. पेपर वाचत होतो.

ताई : मग काढलंत कशाला—

चिमी : थांब ना, ताई. बोलू दे त्यांना.

बाबा : (ताईकडे हात करून) हिने आतून विचारलं, चहा ठेवू का. मी हो म्हटलं. मग आतूनच म्हणाली, जेवण झाकून ठेवलंय, शाळेत निघते. दार लागलं तेही ऐकलं. मशीन चांगलं आहे, तक्रार नाही माझी.

चिमी : मग?

बाबा : मग काढून ठेवलं.

चिमी : मशीन यायच्या आधी कसं होतं?

बाबा : ऐकूच यायचं नाही. काही सांगायचं तर हिला इथे यावं लागायचं. शेजारी बसायची, खांद्यावर हात ठेवायची, कानाशी बोलायची. आलीच आहे म्हणून वर्गातल्या पोरांच्या चार गमती सांगायची. आता आतूनच सांगते. तिचंही बरोबर आहे. ऐकू येतंय म्हटल्यावर कशाला येईल?

चिमी : हे कधी बोलला नाहीत, बाबा.

बाबा : टोचतं का, एवढंच विचारतात सगळे.

ताई : जरा सरकता का, बाबा?

बाबा : मशीन काढू?

ताई : नको, असू दे. मी इथेच बसते.