यहोशवामामा विहिरीत उतरले ती गोष्ट

सन एकोणीसशे अठ्ठावन्न. चैत्राचं ऊन, आणि नगरकडचं उंबरटाकं नावाचं लहानसं गाव. मंडळी, ऐका — पण आधी एका प्रश्नाचं उत्तर मनातल्या मनात द्या. मोठ्याने नको, शेजारी घरची माणसं बसली आहेत. देवाजवळ मागितलं, 'आमेन' म्हटलं, की आपलं काम संपलं का?

यहोशवामामा भिंगारदिव्यांना वाटे, संपलं. मामा गावच्या ख्रिस्ती मंडळीतले पंच. प्रार्थना अशी की उत्पत्तीपासून सुरुवात, आणि प्रकटीकरणापर्यंत पोचेस्तोवर चुलीवरचा चहा आटून जाई.

दर बुधवारी कुणाच्या तरी घरी प्रार्थनासभा. रीत तुम्हाला ठाऊकच आहे — आधी प्रत्येकाने आपला विषय सांगायचा, मग सगळ्यांनी त्यासाठी प्रार्थना करायची. मामांचा विषय अकरा वर्षं एकच. "शेजारी भागुजी ढाकणे याचं मन प्रभूने मऊ करावं."

का? तर दोघांची शेतं बांधाला बांध लागून, आणि मध्ये सामाईक विहीर. दर चैत्रात दोघं मिळून तिचा गाळ काढत. एके साली भागुजी बहिणीच्या सोयरिकीला गेला, आणि मामा चारचौघांत म्हणाले, "कामचुकार." भागुजीच्या कानावर आलं. तो म्हणाला, "मामांची जीभ विहिरीच्या दोरापेक्षा लांब आहे." झालं. मामा म्हणत, आधी त्याने यावं. तो म्हणे, आधी त्यांनी यावं. गाळ साचला, झरे बुजले. उन्हाळा लागला की दोन्ही वस्त्यांतल्या बाया कोसभर चालून ओढ्याच्या वाळूत पाण्यासाठी झिरे उकरायच्या. मामांची दीनाबाईसुद्धा — आणि अठ्ठावन्न साली तर तिचे गुडघे धरले होते.

त्याच साली गावात एस्तेरबाई आल्या. बायबलबाई, म्हणजे घरोघर जाऊन शास्त्र शिकवणाऱ्या. अंगाने काडी, पण नजर अशी की माणूस सदऱ्याचं बटण लावून घेई. पहिल्या बुधवारी त्यांनी सगळ्यांचे विषय ऐकले आणि म्हणाल्या, "आजपासून एक करू. ज्याने विषय दिला, त्याने पुढच्या बुधवारच्या आत त्यासाठी हातपाय हलवायचे. नाही हलवले, तर त्याने सभेत प्रार्थना चालवायची नाही."

पुढच्या बुधवारी काय झालं असेल? विषयच आटले! एक म्हातारबुवा तेवढे धीर करून म्हणाले, "बाई, माझा विषय पाऊस. आता त्याला मी काय करणार?"

"छप्पर शाकारलंत का?" बाई म्हणाल्या.

म्हातारबुवा खाली बसले.

मामा मात्र कासावीस. प्रार्थना चालवायची नाही, तर पंच कशाचे? ते म्हणाले, "बाई, मी जातो भागुजीकडे. शास्त्र घेऊन जातो. क्षमेचा अध्याय वाचून दाखवतो त्याला."

"अध्याय त्याच्यासाठी आहे की तुमच्यासाठी?" बाईंनी विचारलं. "शास्त्र घरी ठेवा, मामा. टोपलं न्या."

गुरुवार गेला, शुक्रवार गेला. मामांचं पाऊल उचलेना. सोमवारी सकाळी दीनाबाई ओढ्यावरून अर्धी घागर घेऊन आली आणि उंबऱ्यावर बसली. बोलली काहीच नाही. एरवी ती दहा बोलायची, मामा त्याला सरावले होते; हे गप्प बसणं त्यांना सोसेना. उठले, फावडं, दोर आणि टोपलं घेतलं, आणि विहिरीत उतरले.

आता गाळ काढायला माणसं लागतात दोन. एकाने खाली भरायचं, एकाने वरून ओढायचं. मामा एकटे. खाली उतरायचं, टोपलं भरायचं, पायऱ्या चढून वर यायचं, दोर ओढायचा, टोपलं रितं करायचं, पुन्हा उतरायचं. वय बासष्ट. तिसऱ्या खेपेला टोपलं भरून दम खायला खालीच टेकले. बघतात तर काठावर भागुजी, तंबाखू मळत उभा.

"काय मामा, देव सापडला का खाली?"

"नाही. गाळ सापडला."

"एकट्याने होतं का हे काम?"

मामांच्या जिभेवर एक अख्खं वचन आलं होतं. त्यांनी ते गिळलं. मंडळी, उपास सोपा, हे अवघड.

"नाही होत," मामा म्हणाले. "भागुजी, तू सोयरिकीला गेला होतास, हे मला ठाऊक होतं. तरी मी तसं बोललो. चूक माझी."

मामा मान खाली घालून फावडं मारत राहिले. मग दोर ताणला. टोपलं आपसूक वर चाललं.

"भरा बिगीनं," वरून भागुजी म्हणाला. "अकरा वर्षांचा साचलाय. आणि बोलू नका, दम लागतो तुम्हाला."

दुसऱ्या दिवशी दोन्ही वस्त्यांतली माणसं आली. चौथ्या दिवशी झरा फुटला.

एस्तेरबाईंची पुढे बदली झाली. जातील तिथे लोकांचे विषय आटवत राहिल्या म्हणतात. दीनाबाईचे गुडघे काही बरे झाले नाहीत, पण पाणी घराजवळ आलं, आणि तिचं बोलणंही पूर्ववत झालं. भागुजी माळकरीच राहिला. मामांनी त्याला कधी उपदेश केला नाही. मामा गेल्यावरही दर चैत्रात तो दोर घेऊन सगळ्यांच्या आधी हजर असे. आणि मामा? शेवटची सोळा वर्षं त्यांची प्रार्थना दोन मिनिटांत आटपे. काही जणांनी तक्रारही केली.

तुमच्या शेजारचं कुठलं दार बंद आहे, ते मला सांगू नका. त्या दारापर्यंत चालत जा. आता समारोपाची प्रार्थना मी लहानच करणार आहे, म्हणजे दिवस मावळायच्या आत तुम्ही तिथे पोचाल.