थोबाडं लय, काम न्हाई

चहा येईस्तोवर आमच्या बोरीच्या पंक बँडचं ऐका. बँड म्हणजे मी, संदीप अन् अफसर. दुनिया कशी बिघडायलीय ते गिटार बडवून बोंबलायचं, एवढंच आमचं काम. सगळ्यात जोरात गाणं खांबाखांबावर फ्लेक्स लावणाऱ्या भावी पुढाऱ्यांवर: "थोबाडं लय, काम न्हाई!"

जयंतीच्या कार्यक्रमात ते सुरू केलं, तर समोरच्या खुर्चीत भाऊसाहेब. निम्म्या गावात यांचेच फ्लेक्स. अफसर कानात म्हणला, "आता खातो आपण मार." पण भाऊसाहेब टाळ्या वाजवायलेत, वर ओरडायलेत, "वन्स मोअर!"

सकाळी बसस्टँडवर भला मोठा फ्लेक्स. वर भाऊसाहेबांचं थोबाड, खाली आमची तिघांची, मधात लिहिलेलं, "गावची शान, हार्दिक अभिनंदन!" झालं आमचं बंड.

दुपारी अवकाळी आभाळ भरून आलं. घरी पळालो, तर आईनं तोच फ्लेक्स सोडून आणून वाळत घातलेल्या हळदीवर अंथरलेला.

मी म्हणलं, "आई, भाऊसाहेब काय म्हणतील?"

माझ्या फोटोवर दगड ठेवत ती म्हणली, "म्हणू दे. तू आधी ते गाणं बदल. थोबाडं कामाला आली की!"