नाटकातल्या खिडकीला लावलेल्या कडीबाबत

नाव: वरच्या रकान्यात लिहून घेतले आहे, पण त्या नावाने हाक मारली तर मी वळून बघणार नाही, कंपनीत सगळे आत्या म्हणतात. वय: चौपन्न. धंदा: संगीत नाटक कंपनीत कपडेपट सांभाळणे. राहणार: नाट्यगृहामागची गल्ली, शिंप्याच्या दुकानावरचा मजला, भाचीसोबत.

मी पोलीस ठाण्यात समक्ष बसून, विचारले जाईल त्याचे खरे उत्तर देते ते असे. मला आज बोलावून आणले आहे. याआधी दोन वेळा मी न बोलावता आले होते, तेव्हा बाहेरच्या बाकावर बसवून ठेवले होते. बाक तोच आहे, एक पाय अजून हलतो.

माझ्या भावाची मुलगी आमच्या कंपनीत नायिकेचे काम करते. भाऊ-वहिनी गेल्यापासून ती माझ्याकडेच वाढली. सध्याच्या नाटकात रस्त्यावरचे दिवे लावणारा एक माणूस शिवणकाम करणाऱ्या एका बाईच्या खिडकीखाली रोज येऊन गातो. ती नाही म्हणते. तो गातो. ती खिडकी लावून घेते. तो आणखी वरच्या पट्टीत गातो. त्याची नोकरी जाते, तब्येत जाते, आवाज काही जात नाही. शेवटी ती खिडकी उघडून हातातला दिवा त्याला दाखवते आणि पडदा पडतो. हवालदारांनी विचारले की ती का उघडते. ते लेखकाला विचारावे. मी दिवेवाल्याच्या कोटाला ठिगळे लावते, मला तेवढेच ठाऊक.

या नाटकावरून प्रेक्षकांत सरळ दोन तट पडले. अर्धे लोक रुमाल भिजवून बाहेर येतात आणि म्हणतात, प्रेम असावे तर असे. उरलेले म्हणतात, याला पहिल्याच अंकात पोलिसात द्यायला हवे होते. नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर नवरा-बायकोंची भांडणे मी स्वतः पाहिली आहेत. एक बाई नवऱ्याची छत्री घेऊन एकटीच निघून गेली, तो भिजत उभा. एक ठरलेले लग्न मोडल्याचेही कानावर आले. त्या मुलीचे मी मनातल्या मनात अभिनंदन केले.

आमच्या निर्मात्याला भांडणाचा वास आला की भूक लागते. त्याने शेवटच बदलला. आता शेवटच्या गाण्यानंतर वाद्ये थांबतात, दिवेवाला प्रेक्षकांकडे वळून विचारतो, ‘उघडू दे की नको?’ आणि प्रेक्षक ओरडतात. ज्यांचा आवाज मोठा, त्यांचा शेवट. कोणाचा आवाज मोठा हे वाद्यवृंदाचे मास्तर ठरवतात. मास्तरांचा डावा कान ढोलाशेजारी बसून बसून कामातून गेला आहे. ते रंगमंचाकडे तोंड करून बसतात, म्हणून उजव्या बाजूच्या खुर्च्यांत जे ओरडतील तेच त्यांना ऐकू येते. हे कंपनीत सगळ्यांना माहीत आहे. मास्तरांना कोणी सांगत नाही, कारण ते रुसले की तालीम बंद पडते.

आता सदर इसमाबद्दल. ‘सदर इसम’ हा हवालदारांचा शब्द आहे, माझा शब्द लिहिता येण्याजोगा नाही. त्याचे चौकात चष्म्याचे दुकान आहे. इस्त्रीचे कपडे, मऊ आवाज, समोर आला की वाकून नमस्कार. तो प्रत्येक प्रयोगाला येतो आणि मास्तरांच्या कानाची गोष्ट त्याला कुठूनतरी समजल्यापासून उजवीकडेच बसतो. प्रयोग नसेल त्या संध्याकाळी आमच्या खिडकीखाली उभा राहून दिवेवाल्याची गाणी म्हणतो. बेसूर म्हणतो. पण सुरात म्हटली असती तरी मी हेच सांगितले असते.

भाचीने त्याला माझ्यासमोर, भर दुपारी, शिंप्याच्या दुकानाच्या दारात सांगितले, “मला तुमच्याशी काही संबंध ठेवायचा नाही. इथे येऊ नका.” इतके स्वच्छ बोलणे नाटकात सुद्धा नाही. त्यावर तो हसून म्हणाला, “नाटकातली पण आधी नाहीच म्हणते.”

भाची पूर्वी घरात कपडे वाळत घालताना गायची. एकदा तिने एक ओळ गुणगुणली आणि खालून त्याने पुढची ओळ म्हटली. त्या दिवसापासून ती घरात गात नाही.

मी या ठाण्यात आले होते ते याचसाठी. पहिल्या वेळी मला सांगितले, नाटकात काम करते म्हटल्यावर चाहते असणारच. दुसऱ्या वेळी मोठे साहेब भेटले. त्यांनी नाटक पाहिले होते. म्हणाले, “आत्या, काय शेवट आहे हो! मी आणि मिसेस, दोघं रडलो.” मी विचारले, “आपण काय ओरडलात?” ते म्हणाले, “उघड! दुसरं काय?” हा भाग वगळावा असे साहेबांनी आत्ता सुचवले आहे. तो ठेवावा असे माझे म्हणणे आहे.

निर्मात्यालाही मी सांगून पाहिले, की निदान काही दिवस तो प्रश्न विचारणे बंद करा. तो म्हणाला, “तिने आधीच त्याला एखादा गोड शब्द दिला असता, तर एवढं वाढलं नसतं.” मी म्हटले, “आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटलं असतं. पुढे बोला.” भाचीने काम सोडावे असे मीच एकदा तिला सुचवले. ती म्हणाली, “गायचं मी सोडायचं, आणि तो फिरणार मोकळा?”

घटनेच्या दिवशी दुपारचा प्रयोग होता. उजव्या बाजूच्या बहुतेक सगळ्या खुर्च्या त्याच्याच दुकानातली माणसे, पाहुणे आणि शेजारी यांनी भरल्याचे मला तिकीटवाल्याकडून सकाळीच समजले. नाटकाच्या खिडकीला कधी कडी नसते. ती कापडाच्या भिंतीत बसवलेली असते आणि बोटाने ढकलली की उघडते. मी सुताराला गाठून आतून लोखंडी कडी बसवून घेतली. सुताराने विचारले, “आत्या, हिला कडी कशाला? मागे तर खोलीच नाही.” मी म्हटले, “तू बसव.” सुताराचा यात काही दोष नाही.

खिडकीमागे एक अरुंद फळी आहे, तिच्यावर भाची उभी राहते. फळी डुगडुगते म्हणून मी तिची कंबर धरून मागे उभी असते. प्रेक्षकांना हे दिसत नाही. शेवटचे गाणे झाले, दिवेवाल्याने विचारले, आणि उजवीकडून ‘उघड’ असा एकच गिल्ला झाला. डावीकडचे लोक घसा फोडून ‘नको’ म्हणत होते, ते मला मागे ऐकू येत होते, मास्तरांना येत नव्हते. मास्तरांनी उघडण्याची खूण केली. भाचीने फटीतून बाहेर पाहिले आणि म्हणाली, “आत्या, तो खुर्चीत नाहीये. रंगमंचाच्या पायऱ्यांशी उभा आहे.” पडद्यामागे नऊ माणसे होती. एकानेही पुढे होऊन त्याला अडवले नाही. त्यांना वाटले, निर्मात्यानेच काहीतरी नवीन घातले असणार.

मी म्हटले, “घाल कडी.” तिने घातली.

वाद्ये तीनदा वाजली, खिडकी उघडली नाही. मग तो वर चढला. दिवेवाल्याचे काम करणारा मुलगा चांगला आहे, पण तो नाटकातलाच शूर; बाजूला सरकला. सदर इसमाने त्याची दिवे लावायची शिडी घेतली, भिंतीला लावली आणि वर जाऊन खिडकीची दारे बाहेर ओढू लागला. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. म्हणजे एक माणूस एका बाईची लावलेली खिडकी सगळ्यांदेखत उपसून काढत होता आणि सभागृह टाळ्या वाजवत होते. तो “उघड, उघड” म्हणत होता. भाची आतून “नाही” म्हणाली. एकदा नाही, चार-पाचदा म्हणाली. मी तिथेच होते.

कडी सुटली नाही. भिंत सुटली. ती टेकूवर उभी असते, माणसाचे ओझे पेलण्यासाठी नसते. ती त्याच्यासकट पुढे पडली. त्याचे मनगट मोडले आणि चष्मा फुटला. चष्म्याचे दुकान त्याचेच असल्यामुळे दुसरे नुकसान किरकोळ धरावे. भिंत गेल्यावर प्रेक्षकांना फळीवर उभी असलेली भाची दिसली, आणि तिची कंबर धरलेली मी, तोंडात टाचण्या घेऊन. ती म्हणाली, “पडदा टाका.” तिला इतकी मोठी टाळी आजवर कधी पडली नव्हती.

आता सदर इसमाची तक्रार अशी, की कडी लावून मी त्याच्या जिवावर उठले. निर्मात्याचे म्हणणे असे, की नुकसान मी भरावे. आणि हेही, की भिंत पडल्याचा शेवट लोकांना आवडला असून तो कायम ठेवता येईल का. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते असे. विचारल्यावरून सांगते, की कडी मीच, समजून-उमजून बसवून घेतली. भिंत मी ढकलली नाही. माझे दोन्ही हात कामात होते. घराच्या दाराला मी दोन कड्या लावल्या आहेत, त्या का लावल्या हे मला इथे अजून कोणी विचारलेले नाही.

एवढे झाल्यावर हवालदारांनी सगळा मजकूर मोठ्याने वाचला. शेवटी त्यांनी स्वतःच्या मनाने एक वाक्य घातले होते: ‘भाचीने नकार दिल्यामुळे सदर प्रकार घडला.’ मी ते खोडायला सांगितले. ते म्हणाले, “आत्या, त्याने काय फरक पडतो?” मी पेन खाली ठेवले आणि त्या हलणाऱ्या बाकावर जाऊन बसले. भाची बाहेर दाराशी उभी होती, तिला सगळे ऐकू जात होते. मोठ्या साहेबांनी तिच्याकडे एकदा पाहिले आणि मग कागद स्वतःकडे ओढून घेतला. आता ते वाक्य ‘सदर इसमाने नकार न ऐकल्यामुळे सदर प्रकार घडला’ असे असून, खाडाखोडीवर साहेबांची सही आहे. तेवढ्या एका ओळीखाली भाचीनेही सही केली आहे. ती साक्षीदार नाही असे हवालदार म्हणाले, तरीही केली आहे. या दुरुस्तीसह जबाब मी सांगितला तसाच आहे, म्हणून मीही सही करते.